आयुष्य चुकलं असं वाटतं तेव्हा नेमकं काय कमी पडलेलं असतं?

दवाखान्यात दाखल होताना, नव्या नोकरीत रुजू होताना किंवा विम्याचा अर्ज भरताना एक रकाना हमखास असतो: तातडीच्या प्रसंगी कोणाला कळवायचं? पहिलं नाव पटकन लिहिलं जातं. नवरा, बायको, भाऊ, आई. काही अर्जांत दुसरंही नाव मागतात आणि तिथे चाळिशी-पन्नाशीतल्या पुष्कळ शहरी माणसांचा हात थांबतो. फोनमध्ये शेकडो नंबर असतात. सहकारी, शेजारी, मुलांच्या मित्रांचे पालक, जुने वर्गमित्र, सगळे असतात. पण रात्री दोन वाजता उठवायला संकोच वाटणार नाही असं नाव आठवायला वेळ लागतो.

ज्या वयात हा हात थांबू लागतो, त्याच वयात दुसरीही एक घालमेल सुरू झालेली असते. नोकरी बरी चाललेली असते, घर उभं राहिलेलं असतं, जबाबदाऱ्या पार पडत असतात, आणि तरी सकाळी उठल्यावर मन कशात लागत नाही. ‘एवढंच होतं का हे सगळं?’ असा प्रश्न पुन्हा पुन्हा वर येतो. याला लोक मिडलाइफ क्रायसिस म्हणतात. एकटेपणावर वेगळं लिहिलं जातं, या क्रायसिसवर वेगळं. मला इथे दोन्हींची सांगड घालायची आहे. शहरातला मध्यमवयीन माणूस ‘माझं आयुष्यच चुकलं’ असं म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या आयुष्याच्या दिशेत फारसं काही बिघडलेलं नसतं. त्याच्या भोवतालची माणसं मात्र हळूहळू, भांडण न होता, कोणाच्या लक्षात न येता गळून गेलेली असतात. दुखणं ओळखण्यात अशी गफलत झाली की उपायही भलतीकडेच होतो, आणि कधी कधी त्या उपायानेच उरलीसुरली माणसंही हातची जातात.

संकट किती खरं, किती ऐकीव?

मिडलाइफ क्रायसिस ही कल्पना तशी फार जुनी नाही. कॅनडात जन्मलेले आणि लंडनमध्ये काम करणारे मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांनी १९५७ साली ती आपल्या व्यवसायबंधूंसमोर मांडली आणि १९६५ साली ती निबंधाच्या रूपात छापून आली. मोठमोठ्या कलावंतांची चरित्रं पाहताना त्यांना जाणवलं की पस्तिशीच्या आसपास अनेकांच्या कामात खळबळ होते. कोणाचं काम आटतं, कोणाचं पार बदलतं. त्याच निबंधात त्यांनी छत्तिशीच्या एका रुग्णाचं म्हणणं दिलं आहे. आजवर आयुष्य म्हणजे वर चढत जाणारा, न संपणारा रस्ता वाटत होता. आता एकदम माथा आला आणि उतारावरचा शेवट दिसू लागला, असा त्याचा आशय. जॅक्स यांच्या मते या पेचाचा गाभा मृत्यूच्या जाणिवेत होता. आपणही एक दिवस जाणार हे माणसाला लहानपणापासून ठाऊक असतं, पण त्याचा हिशेब पहिल्यांदा मनात मांडला जातो तो या वयात.

पुढे १९७०च्या दशकात ही कल्पना अमेरिकेत घराघरांत पोचली आणि तिचं सोंगच जास्त गाजलं: अचानक राजीनामा देणारा, महागडी गाडी घेणारा, संसार मोडून निघून जाणारा पुरुष. प्रत्यक्षात अशी माणसं किती? अमेरिकेत १९९५ साली मध्यवयाचा एक मोठा, दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. त्यात भाग घेतलेल्यांपैकी काही जणांना पुढे थेट विचारलं गेलं, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्याने आपल्याला असं संकट येऊन गेल्याचं सांगितलं. त्यांच्याकडून तपशील घेतल्यावर दिसलं की त्यातले बरेच जण घटस्फोट, नोकरी जाणं, आजारपण, जवळच्या व्यक्तीचा मृत्यू अशा प्रसंगांबद्दल बोलत होते. हे प्रसंग तिशीत आले असते तरी माणूस तितकाच हादरला असता.

म्हणजे स्फोट व्हावा तसं संकट थोड्यांच्या वाट्याला येतं. पण सावकाश होणारा उतार मात्र बराच सार्वत्रिक असावा. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड या अर्थतज्ज्ञांनी २००८ साली अनेक देशांतली आकडेवारी पडताळली. ‘तुम्ही आयुष्यावर किती समाधानी आहात?’ या प्रश्नाच्या उत्तरांचा वयानुसार आलेख काढला, तर कितीतरी देशांत तो तरुणपणी वर, चाळिशीच्या मध्यावर किंवा उत्तरार्धात तळाशी आणि मग पुन्हा वर चढणारा दिसला. श्रीमंत देशांत दिसला, गरीब देशांतही दिसला. २०१२ साली तर चिंपांझी आणि ओरांगउटान मिळून ५०८ वानरांबद्दल त्यांची देखभाल करणाऱ्यांना विचारलं गेलं, आणि त्यांच्याही मध्यवयात असाच खळगा आढळला. ज्यांना ना पदोन्नतीची चिंता ना कर्जाचे हप्ते, त्यांनाही हे चुकत नसेल तर या उताराचा काही भाग शरीरातच असणार, असं संशोधकांनी सुचवलं.

या आलेखावर वादही आहेत. एकाच माणसाचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला तर खळगा तितका खोल दिसत नाही, असं काही अभ्यासक म्हणतात. आणि गेल्या काही वर्षांत अनेक देशांत तरुणच इतके असमाधानी झाले आहेत की आलेखाची डावी बाजूच खाली आली आहे, असं खुद्द ब्लँचफ्लॉवर अलीकडे दाखवत आहेत. पण मध्यवयातला माणूस आज आधीपेक्षा सुखी झाला, असा याचा अर्थ होत नाही.

अपेक्षांचं गणित

हा उतार का येतो याचं मला सर्वांत पटणारं स्पष्टीकरण हॅनेस श्वांट या अर्थतज्ज्ञाचं आहे. जर्मनीत हजारो लोकांना दरवर्षी दोन प्रश्न विचारले जात: आज किती समाधानी आहात आणि पाच वर्षांनी किती असाल असं वाटतं? श्वांट यांनी दोन्ही उत्तरं एकमेकांशी ताडून पाहिली. तरुणांनी पाच वर्षांनंतरचं जे समाधान अपेक्षिलं होतं त्यापेक्षा प्रत्यक्षातलं कमी निघत होतं, आणि हे वर्षानुवर्षं घडत होतं. वयस्कांचं नेमकं उलटं. त्यांनी थोडक्याची अपेक्षा केली आणि पदरात जास्त पडलं.

मध्यवय या दोन्हींच्या मधोमध अडकतं. मागच्या अपेक्षा फसल्याचं दुःख ताजं असतं, आणि त्या अनुभवाने पुढच्याही अपेक्षा खाली आलेल्या असतात. मागे पाहिलं तरी खंत, पुढे पाहिलं तरी फारसं काही नाही. या वयातल्या माणसाला वाईट वाटण्यासाठी काही वाईट घडावंच लागत नाही, हे मला या अभ्यासातलं सर्वांत महत्त्वाचं सूत्र वाटतं. कारण नेमक्या याच गोष्टीची त्याला लाज वाटते. सगळं असताना रडायचं कशाला, असं तो स्वतःलाच बजावतो आणि कोणाशी बोलत नाही.

त्यात शरीर भर घालतं. बहुतेक स्त्रियांची पाळी ४५ ते ५५ या वयात थांबते, आणि त्याआधीची काही वर्षं झोप, मूड, एकाग्रता यांत चढउतार होतात. पुष्कळ जणींना हे शारीरिक आहे हेच कोणी सांगत नाही. त्या स्वभावाला दोष देत बसतात. पुरुषांत बदल इतका ठळक नसला तरी झोप उथळ होते, थकवा लवकर येतो. घरात एकाच वेळी वाढती मुलं आणि थकलेले आईवडील असतात. ज्यांना मुलं नाहीत किंवा जे एकटे राहतात, त्यांच्यावर आईवडिलांची जबाबदारी अनेकदा पूर्णच येऊन पडते, कारण ‘तुला काय, तू मोकळा आहेस’ असं भावंडं गृहीत धरतात.

एकटेपणाचे दोन प्रकार

आता दुसरी बाजू. एकटं असणं आणि एकाकी वाटणं वेगळं. जितकी आणि जशी जवळीक हवी आहे आणि जितकी प्रत्यक्षात आहे, त्यातल्या तफावतीची वेदना म्हणजे एकाकीपणा. म्हणून एखादी एकटी राहणारी बाई मजेत असते आणि भरल्या घरातला माणूस आतून कोरडा पडलेला असतो.

रॉबर्ट वाइस या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली यात आणखी एक फोड केली. ती प्रत्येक जोडप्याने समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. एक एकाकीपणा भावनिक असतो: ज्याच्यापाशी मन पूर्ण मोकळं करावं असं एखादं माणूस नसणं. दुसरा सामाजिक: मित्रमंडळी, गोतावळा, आपण कुठल्यातरी गटाचे आहोत ही भावना नसणं. वाइस यांनी जोडीदार गमावलेल्यांचा अभ्यास केला, तेव्हा मित्रांच्या सहवासाने त्यांची ती पोकळी भरत नव्हती. आणि नवऱ्याच्या नोकरीसाठी दूरच्या राज्यांतून बॉस्टनजवळ राहायला आलेल्या जोडप्यांचा अभ्यास केला, तेव्हा चांगला संसार असूनही बायका एकाकी होत्या. नवऱ्याचं प्रेम मैत्रिणींची जागा घेऊ शकत नव्हतं.

शहरी मध्यवयातली फार मोठी कोंडी इथे आहे. मित्र सुटत जातात तसतशी जोडीदाराकडून अपेक्षा वाढत जाते. त्याने प्रेम करावं, सल्ला द्यावा, हसवावं, नोकरीतल्या कटकटी ऐकाव्यात, जुन्या आठवणी काढाव्यात, सहलीला सोबत करावी. पूर्वी आठ-दहा माणसांत वाटली गेलेली कामं एकावर येतात. तो ती पेलू शकत नाही आणि मग ‘आपल्यात आता काही उरलं नाही’ असा निष्कर्ष निघतो. नातं कमी पडलेलं नसतं; त्याच्यावर लादलेलं ओझं एका नात्याचं नसतंच.

शिकागोचे मेंदूशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी आयुष्याची बरीच वर्षं एकाकीपणाच्या अभ्यासात घालवली. त्यांच्या मते एकाकीपणा ही भुकेसारखी सूचना आहे. शरीराला अन्न हवं हे भूक सांगते, माणसं हवीत हे एकाकीपणा सांगतो. २०२० साली अमेरिकेत ४० जणांवर झालेल्या एका प्रयोगाने याला आधार दिला. त्यांना एका दिवशी दहा तास उपाशी ठेवलं आणि दुसऱ्या एका दिवशी दहा तास माणसांपासून, फोनपासूनही दूर ठेवलं. नंतर उपाशी माणसाला अन्नाची चित्रं दाखवली आणि एकट्या ठेवलेल्याला माणसं एकत्र मजा करत असल्याची. मेंदूच्या मध्यभागातला, ओढ निर्माण करणारा एक भाग दोन्ही वेळा सारखाच जागा झाला.

पण भूक आणि एकाकीपणा यांत एक घातक फरक आहे. भुकेल्या माणसाला अन्न जास्त हवंसं वाटतं. दीर्घकाळ एकाकी राहिलेल्याला मात्र माणसांची भीती वाटू लागते. कॅसिओपो यांनी दाखवलं की अशा माणसाचा मेंदू सतत सावध राहतो. समोरच्याच्या चेहऱ्यावरची नाराजी तो चटकन टिपतो, साध्या वाक्यात टोमणा शोधतो, उत्तर यायला उशीर झाला की ‘आपण नकोसे आहोत’ असा अर्थ लावतो. रानात एकट्या पडलेल्या आदिमानवाला ही सावधगिरी उपयोगी असेल. शहरात ती माणसाला आणखी आत ढकलते. तो कमी बोलतो, आमंत्रणं टाळतो, कोरडा वाटू लागतो, लोकही मग विचारणं सोडतात, आणि त्याचा संशय खरा ठरतो.

शहर यात काय करतं?

शहराला सरसकट दोष देणं मला पटत नाही. लहान गावात वेगळं वागणाऱ्या, वेगळं जगू पाहणाऱ्या माणसाचा जीव घुसमटतो आणि त्याला त्याच्यासारखी माणसं शहरातच भेटतात. तरीही शहराची म्हणून एक सवय लागते. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ साली लिहून ठेवलं की महानगरात माणसावर इतक्या आवाजांचा, चेहऱ्यांचा, घाईचा मारा होतो की स्वतःला वाचवण्यासाठी तो एक अलिप्तपणा धारण करतो. स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९७० साली तोच धागा पुढे नेला: भेटणाऱ्या प्रत्येकाशी शहरी माणूस माणुसकीने थांबून बोलू लागला तर त्याचा दिवसच संपणार नाही, म्हणून तो नजर चुकवायला शिकतो.

याच मिलग्रॅम यांनी रेल्वेच्या फलाटावर रोज उभे राहणाऱ्या प्रवाशांची छायाचित्रं काढून त्यांनाच दाखवली. जवळपास प्रत्येकाला त्यातला किमान एक चेहरा ओळखीचा होता, ज्याच्याशी तो कधीही बोलला नव्हता. वर्षानुवर्षं शेजारी उभं राहायचं, चेहरा पाठ असायचा, आणि शब्द मात्र एक नाही.

आजच्या शहराने त्यात भर घातली ती सोयीची. पूर्वी काम होण्यासाठी माणसाशी बोलावंच लागे. आता पैसे काढायला, तिकीट काढायला, सामान मागवायला, पत्ता शोधायला, कशालाच कोणी लागत नाही. यातली प्रत्येक सोय वेळ वाचवते, आणि प्रत्येक सोयीबरोबर एक किरकोळ ओळख नाहीशी होते. किरकोळ ओळखींना आपण किंमत देत नाही, पण त्यांना ती आहे. जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवलं की ज्या दिवशी माणूस अशा तोंडओळखीच्या लोकांशी जास्त बोलतो, त्या दिवशी त्याला जास्त प्रसन्न आणि आपलेपणाचं वाटतं. जवळचे मित्र किती भेटले ही गोष्ट बाजूला ठेवूनसुद्धा.

तरीही मध्यवयातला सर्वांत मोठा तोटा वेगळाच आहे, आणि तो तासांत मोजता येतो. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ साली हिशेब मांडला की नुसती ओळख साध्या मैत्रीत बदलायला एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात, खऱ्या मैत्रीसाठी ९०च्या आसपास आणि जिवलग व्हायला २००हून जास्त. त्यातही शेजारी बसून केलेल्या कामाचे तास फारसे धरायचे नाहीत. गप्पांचे, भटकण्याचे, नुसतं बसण्याचे तास धरायचे.

आता हे वयाला लावून पाहा. कॉलेजात, वसतिगृहात दोनशे तास महिना-दीड महिन्यात सरतात. कोणी ठरवत नाही, कोणी तारीख पाहत नाही. तीच माणसं रोज समोर येत राहतात, म्हणून मैत्री होते. पंचेचाळिशीत एखादं छान माणूस भेटलं, दोघांनाही एकमेकांबद्दल आपुलकी वाटली, आणि दर दोन महिन्यांनी दोन तास भेटायचं जमलं, तर वर्षाला बारा तास होतात. दोनशे तास व्हायला जवळजवळ सतरा वर्षं लागतील. आठवड्याला दोन तास जमले तर दोन वर्षांत काम होतं. ‘आता पूर्वीसारखे मित्र होत नाहीत’ हे वाक्य आपण स्वभावाबद्दल, पिढीबद्दल, स्वार्थी जगाबद्दल बोलल्यासारखं बोलतो. त्याचं मूळ पुष्कळसं या तासांत आहे.

त्यात जुने मित्र पांगलेले असतात. मोबाइल कॉलच्या नोंदींवरून केलेल्या एका युरोपीय अभ्यासात, माणूस महिनाभरात किती वेगवेगळ्या लोकांना फोन करतो हा आकडा पंचविशीच्या आसपास सर्वाधिक दिसला आणि पुढे घसरत गेला. शहरात घर बदलतं, नोकरी बदलते, प्रवासात दिवसाचे दोन-तीन तास जातात. आणि ज्याने मैत्री टिकत होती ते ठरवून न होणारं, वारंवार होणारं भेटणं संपतं. उरतं ते ‘एकदा भेटू या’. हे म्हणणारे दोघेही खरं बोलत असतात, म्हणूनच वर्षं जातात.

दोन्ही धागे जुळतात तिथे

आयुष्य कसं चाललं आहे हे माणूस एकट्याने ठरवू शकत नाही. त्याला मापासाठी इतरांची आयुष्यं लागतात. जवळचे मित्र असतात तेव्हा त्यांची आतली बाजूही दिसते: त्यांचा फसलेला निर्णय, त्यांच्या घरातलं आजारपण, त्यांची भीती. आपल्यासारखंच त्यांचंही चाललं आहे हे पाहून मन जागेवर येतं. मित्र कमी होतात तशी ही आतली बाजू दिसणं बंद होतं. उरतात दुरून दिसणाऱ्या माणसांच्या बढत्या, सहली, मुलांची यशं. श्वांट यांच्या गणितातली अपेक्षाभंगाची बाजू अशी आणखी जड होते, कारण तिला उतारा देणारं कोणी समोर नसतं.

दुसरी गोष्ट मला याहूनही जास्त महत्त्वाची वाटते. आपण कोण होतो आणि इथवर कसे आलो, हे पाहिलेली माणसं जवळ असली की आयुष्याला सलगता वाटते. विशीतली आपली धडपड ज्याने पाहिली, तो आजच्या साध्या नोकरीकडे पाहूनही म्हणू शकतो, ‘कुठून कुठे आलास तू!’ शहरात नव्याने जोडल्या गेलेल्यांना आपला फक्त हुद्दा माहीत असतो. त्यांच्या नजरेत आपण जेवढे दिसतो, तेवढेच आपण स्वतःला वाटू लागतो. ‘एवढंच का?’ हा प्रश्न त्या अपुऱ्या दिसण्यातूनही येतो.

आणि मग चुकीचा उपाय होतो. अस्वस्थता नोकरीतली समजून नोकरी सोडली जाते, शहरातली समजून शहर बदललं जातं, संसारातली समजून नवं नातं शोधलं जातं. कधी कधी हे निर्णय योग्यही असतात. छळ होत असलेल्या नात्यातून किंवा माणसाला पिळणाऱ्या नोकरीतून बाहेर पडायलाच हवं. पण मूळ कमतरता माणसांची असेल, तर यातलं प्रत्येक पाऊल आणखी चार ओळखी तोडतं आणि तासांचं गणित पुन्हा शून्यावर आणतं. म्हणून असा मोठा निर्णय घेण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारून पाहावा: गेल्या महिन्यात मी किती तास अशा माणसासोबत होतो, ज्याच्यापुढे मला नीटनेटकं वागावं लागत नाही? उत्तर दोन-चार तास असेल, तर आयुष्याबद्दलचा निकाल थोडा लांबणीवर टाकलेला बरा.

सर्वांत एकाकी गट मध्यमवयीनांचा आहे, असं मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणाने ग्रासलं आहे आणि किशोरवयीन व तरुणांत हे प्रमाण सर्वांत जास्त आहे. मध्यवयाचा त्रास वेगळा आहे. या वयात माणूस सगळ्यांचा आधार असतो, त्यामुळे त्याला आधार हवा असेल हे कोणाच्या डोक्यात येत नाही, त्याच्या स्वतःच्याही नाही. आणि हा विषय फक्त मनाचा नाही. २०१० साली १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती एकत्र केली, तेव्हा भक्कम नातेसंबंध असलेल्यांची त्या अभ्यासांच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. बोस्टनमध्ये १९३८ पासून चालू असलेल्या हार्वर्डच्या अभ्यासात, पन्नाशीत आपल्या नात्यांवर समाधानी असलेली माणसं ऐंशीव्या वर्षी जास्त निरोगी आढळली. ते भाकीत कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षाही नेमकं ठरलं.

मग करायचं काय?

आधी वैद्यकीय बाजू. उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज टिकलं, झोप-भूक बिघडली, आपण निरुपयोगी आहोत असं वाटू लागलं, तर ते नैराश्य असू शकतं. त्यावर औषधं आणि समुपदेशन दोन्ही आहेत आणि ती उपयोगी पडतात. थायरॉइडचे विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेचे आजार, पाळी थांबतानाचे बदल यांनीही अगदी असंच वाटतं, म्हणून तपासणी करून घ्यावी. मरणाचे विचार येत असतील तर थांबू नये; त्याच दिवशी घरच्यांना, डॉक्टरांना किंवा मदतवाहिनीला सांगावं.

त्यानंतर विचारांचा चष्मा. २०११ साली एकाकीपणावरच्या उपायांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा नुसते मेळावे भरवणं किंवा संवादकौशल्य शिकवणं यांपेक्षा ‘लोकांना मी नको आहे’ या विचाराची तपासणी करायला शिकवणारे उपाय जास्त गुणकारी दिसले. या तपासणीला भक्कम आधारही आहे. २०१८ सालच्या प्रयोगांत अनोळखी लोकांना बोलायला लावलं, तर समोरच्याला आपण जितके आवडलो असं माणसांना वाटलं, त्यापेक्षा प्रत्यक्षात ते जास्त आवडले होते. बऱ्याच दिवसांनी एखाद्याची आठवण काढून निरोप पाठवला, तर समोरच्याला होणारा आनंद पाठवणाऱ्याच्या अंदाजापेक्षा मोठा असतो, हेही २०२२ साली दिसून आलं. निरोप जितका अनपेक्षित, तितका तो जास्त भावतो. म्हणजे ‘इतक्या वर्षांनी कसा फोन करू?’ ही जी अडचण वाटते, तीच खरं तर त्या फोनची ताकद आहे.

जुन्यांपासूनच सुरुवात करावी असं मी सुचवेन. त्यांच्या बाबतीत दोनशे तास कधीच भरलेले आहेत. दहा वर्षं बोलणं नसलं तरी ते तास वाया जात नाहीत. फोनवर माफीची लांबण लावू नये, ‘अमुक गोष्ट पाहिली आणि तुझी आठवण झाली’ एवढं पुरतं. काही जण उत्तर देणार नाहीत. त्यांच्या घरी काय चाललं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून त्याचा अर्थ स्वतःवर ओढवून घेऊ नये आणि पुढच्या नावाकडे वळावं.

नव्या माणसांसाठी उत्साहापेक्षा ठरलेला वार जास्त कामाचा. एकाच जागी, एकाच वेळी, त्याच माणसांसोबत दर आठवड्याला काहीतरी करायचं: चालणं, गाणं शिकणं, वाचन, खेळ, एखाद्या संस्थेत काम. काय करता याला फार महत्त्व नाही; दर वेळी नव्याने ठरवावं लागू नये याला आहे. ‘कधी भेटू या?’ हा प्रश्नच नाहीसा झाला की शहरातला मैत्रीचा सर्वांत मोठा अडथळा दूर होतो. यात दुसऱ्याला शिकवण्याचं किंवा मदतीचं काम असेल तर आणखी चांगलं. एरिक एरिक्सन या मनोविश्लेषकाने १९५०मध्ये मांडलं होतं की मध्यवयाची खरी गरज पुढच्यांसाठी काही उभं करण्याची असते, आणि ती भागली नाही की माणूस साचून जातो. आपल्याला येणारी एखादी गोष्ट तरुणाला शिकवताना ‘एवढंच का?’ या प्रश्नाचं उत्तर थोडंफार हाती लागतं, कारण आपल्याकडे किती साठलं आहे हे तेव्हाच दिसतं.

ही सगळी जबाबदारी एकट्या माणसावर टाकणं बरोबर नाही. ब्रिटनने २०१८ साली आणि जपानने २०२१ साली एकाकीपणासाठी मंत्री नेमले, म्हणजे हा सार्वजनिक प्रश्न आहे हे सरकारांनाही मान्य आहे. काही विकत न घेता तासभर बसता येईल अशी जागा, चालत जाता येईल असं वाचनालय, संध्याकाळ हिरावून न घेणारे कामाचे तास यांची मागणी शहराकडे करत राहायला हवी. जिथे बसायला बाक नाही, तिथे दोन माणसांचे ५० तास भरायचे कुठे?

ठरलेल्या वाराला जाणं सुरू केल्यावर पहिले काही महिने निराशा होईल, हे आधीच माहीत असलेलं बरं. गप्पा वरवरच्या राहतील, घरी परतताना ‘यातून काय मिळालं?’ असं वाटेल, आणि सावध झालेला मेंदू न जाण्याची कारणं शोधून देईल. आठवड्याला दोन तास धरले तर ५० तास भरायला सहा महिने लागतात. तोवर समोरची व्यक्ती नुसती ओळखीचीच असते आणि तसंच असणं स्वाभाविक आहे. ‘मला हे जमत नाही’ हा निकाल त्या सहा महिन्यांच्या आत लावू नये.